पंधरा खुर्च्या आणि दोन ‘इतर’

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाचनमंडळात महिन्यातून एकदा कुठल्यातरी एका देशाचं प्रकरण अभ्यासाला घ्यायची पद्धत आहे. मंडळ म्हणजे काय, सतरा-अठरा डोकी. निम्मे निवृत्त, दोन वकील, एक बँकेतून सुटलेले काका, आणि भंवरकुआंला राहून एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणारी चार मुलं. ही मुलं मुद्दे मिळतात म्हणून येतात आणि पोहे-जिलेबी मिळते म्हणून टिकतात. या वेळी पाळी माझी होती. चाळीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून झाल्यावर टिपण वाचून दाखवायचा मलाच कंटाळा आला होता, म्हणून मी संसदच भरवली.

देश बोस्निया-हर्जेगोविना. तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात पंधरा जागा: पाच बोस्नियाक, पाच सर्ब, पाच क्रोएट. मी चिठ्ठ्या करून नेल्या होत्या. मला सोडून आम्ही सतरा जण होतो, त्यामुळे दोन चिठ्ठ्यांवर मी ‘इतर’ असं लिहिलं होतं. एक निघाली परीक्षेवाल्या मुलींपैकी एकीच्या हातात, दुसरी आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ आजोबांच्या.

“सर, आम्ही कुठे बसायचं?” तिनं विचारलं.

“खिडकीपाशी उभे राहा. तुम्हाला खुर्ची नाही.”

विधेयक मी मुद्दाम साधं घेतलं होतं, देशभर रुग्णवाहिकेसाठी एकच फोन नंबर. यात भांडायला काय आहे? मग तीन ‘सर्ब’ सदस्यांना मी हळूच खूण केली आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी जाहीर केलं, कोरम नाही, सभा तहकूब.

बँकवाले काका उसळले. “अहो, बारा माणसं समोर बसलीत आणि कोरम कसा नाही?”

नियम असा आहे की कोरमला नऊ सदस्य हवेत, पण त्या नवांत प्रत्येक समूहाचे किमान तीन. पाचातले तीन उठून गेले की बाकीच्या बारांनी नुसतं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. हा कुणा चलाख पुढाऱ्यानं नंतर शोधलेला डाव नाही. राज्यघटनेतच तसं लिहिलंय.

“अशी घटना लिहिली कुणी?”

इथून प्रकरण सुरू होतं.

युगोस्लाव्हिया फुटत असताना १९९२ च्या मार्चमध्ये बोस्नियानं सार्वमत घेऊन स्वातंत्र्य जाहीर केलं. बोस्नियातल्या बहुसंख्य सर्बांनी त्या मतदानावर बहिष्कार घातला होता. एप्रिलमध्ये युद्ध पेटलं आणि साडेतीन वर्षं चाललं. सुमारे एक लाख माणसं गेली, वीस लाखांहून जास्त घरादाराला मुकली. साराएव्हो शहराला पडलेला वेढा १४२५ दिवसांचा होता. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा इथं आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. तो वंशसंहार होता, असा आंतरराष्ट्रीय न्यायालयांचा निकाल आहे.

हे लोक दिसायला सारखे, बोलायलाही सारखे. बोस्नियाक बहुतांशी मुसलमान, सर्ब ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, क्रोएट कॅथलिक. भाषेला प्रत्येकानं आपापलं नाव दिलंय, पण माझ्या पुण्याच्या मावशीला इंदूरच्या आत्याचं मराठी समजायला जेवढा त्रास होतो, तेवढाही त्यांना एकमेकांचं बोलणं समजायला होत नाही.

१९९५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेनं तिन्ही बाजूंच्या नेत्यांना ओहायोतल्या डेटन शहराजवळच्या एका हवाई तळावर नेऊन जवळजवळ कोंडून ठेवलं. बोस्नियाचे इझेतबेगोविच, क्रोएशियाचे तुजमान, सर्बियाचे मिलोशेविच, आणि मध्यस्थ रिचर्ड होलब्रुक. तीन आठवडे घासाघीस झाली. २१ नोव्हेंबरला करार ठरला आणि १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये त्यावर सह्या झाल्या. देशाची राज्यघटना म्हणजे या कराराचं चौथं परिशिष्ट. लिहिली गेली इंग्रजीत, आणि तिच्यावर जनतेचं मत कुणी कधी घेतलं नाही. आमच्या वकील मंडळींना हे पटेना. घटना आणि परिशिष्ट? पण शस्त्रसंधीच्या कागदाला घटना जोडली की असंच व्हायचं. मागे हटणाऱ्या प्रत्येक सैन्याला उद्याची हमी हवी होती आणि ती हमीच घटनेची कलमं होऊन बसली.

देशाचे दोन भाग पडले. ५१ टक्के जमीन बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनकडे, ४९ टक्के रिपब्लिका सर्प्स्काकडे. फेडरेशनमध्ये परत दहा परगणे, प्रत्येकाचं स्वतंत्र मंत्रिमंडळ. वर तिघांचं अध्यक्षमंडळ, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, आणि त्यांचं प्रमुखपद दर आठ महिन्यांनी फिरतं. घटनेच्या प्रास्ताविकात या तिघांना ‘घटक जनसमूह’ म्हटलंय. ज्यू, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत), स्वतःला नुसतं बोस्नियन म्हणवणारे, मिश्र लग्नांतली मुलं, हे सगळे ‘इतर’. इतरांना अध्यक्षमंडळाची निवडणूक लढवता येत नाही आणि वरच्या सभागृहातही जागा नाही.

त्यातही आणखी एक गाठ आहे. अध्यक्षमंडळातला सर्ब रिपब्लिका सर्प्स्कातूनच निवडून यायला हवा, बोस्नियाक आणि क्रोएट फेडरेशनमधून. म्हणजे साराएव्होत राहणारा सर्ब बाद आणि स्रेब्रेनित्साला परतलेला बोस्नियाकही बाद. अशाच एका बोस्नियाक डॉक्टरनं, इलियाझ पिलाव यांनी, स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दावा लावला आणि २०१६ मध्ये जिंकला. त्याआधी २२ डिसेंबर २००९ ला रोमा समाजाचे देर्वो सेइदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिन्सी यांनी हाच मुद्दा वेगळ्या अंगानं जिंकला होता. दोन्ही निकालांचं घोंगडं अजून भिजतंच पडलंय.

आजोबांना इथं मध्य भारत आठवला. मला तोच हवा होता. १९४८ मध्ये शिंदे आणि होळकरांची संस्थानं एकत्र आली तेव्हा राजधानी कुठली यावरून ओढाताण झाली. तोडगा निघाला तो असा: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. राजप्रमुख शिंदे, उपराजप्रमुख होळकर. “फाइली गाड्यांत भरून इकडून तिकडे जायच्या,” आजोबा म्हणाले, “आणि हवी ती फाइल नेमकी दुसऱ्या गावी असायची.” मी त्यांना एवढंच म्हटलं की आपल्याकडे युद्ध झालं नव्हतं, तेव्हा तुलना फार ताणू नका. पण एक फरक टिपून ठेवण्यासारखा आहे. ती पाळीपाळीची राजधानी १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला तेव्हा संपली. राजधानी भोपाळला गेली. इंदूर आणि ग्वाल्हेर दोघेही सारखेच रुसले आणि काही वर्षांत विसरलेही. तात्पुरती सोय तात्पुरती राहिली, कारण ती बदलणारी संसद वर बसलेली होती. बोस्नियात तात्पुरती सोय बदलायची तर ज्या गटांना त्या सोयीमुळे नकाराधिकार मिळालाय, त्यांचीच परवानगी लागते.

मग तीस वर्षांत काहीच झालं नाही का? झालं, आणि बरंच झालं. जमलेली कामं आणि फसलेली कामं शेजारी शेजारी ठेवून बघितली तर मला एक धागा दिसतो. ज्या सुधारणेनं ‘तू कोण?’ हा प्रश्न विचारायचं बंद केलं, ती तगली. तोच प्रश्न नव्या आकड्यांनी विचारणारी सुधारणा आपटली.

नंबरप्लेट घ्या. आपल्याकडे एमपी झिरो नाइन दिसलं की इंदूर. पुण्यात भाच्याच्या दारात माझी गाडी उभी राहिली की वॉचमन येऊन विचारतो, “एमपीतून आलात?” त्यात चौकशीपलीकडे काही नसतं. युद्धानंतरच्या बोस्नियात पाटीवरून गाव कळायचं, गावावरून जमात, आणि पलीकडच्या हद्दीत काचेवर दगड यायचा. माणसं रस्ता मोकळा असूनही हद्द ओलांडत नव्हती. १९९८ मध्ये सगळ्या देशाला नवी पाटी आली. तिच्यावर गावाचा पत्ता नाही, आणि अक्षरं तीच घेतली जी रोमन आणि सर्बांची सिरिलिक अशा दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. पाटी वाचून गाडी कुणाची ते सांगता येईना, आणि वाहतूक सुरू झाली. माझ्या मते अख्ख्या डेटनोत्तर कारभारातली ही सगळ्यांत हुशार कल्पना आहे, आणि ती एका पत्र्यावर मावते.

त्याच वर्षी सामाईक चलन आलं, जर्मन मार्कच्या एकास एक भावानं बांधलेलं. झेंडा आला, तोही बाहेरच्यांनी, म्हणजे करारावर देखरेख ठेवणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांनी, ठरवलेला. राष्ट्रगीताची धून आली. तिला आजतागायत अधिकृत शब्द नाहीत, कारण शब्दांवर एकमत होत नाही. खेळाडू पदक घेताना ओठ मिटून उभे राहतात. मुलं हसली. मला काही ते फारसं हसण्यासारखं वाटत नाही. जे जमत नाही ते मोकळं सोडून द्यायलाही अक्कल लागते.

घरांचं काम या सगळ्यांत अवघड होतं आणि त्यावर मी जरा जास्तच बोललो. इंदूरच्या माणसाला ते चटकन कळतं. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं इथं आहेत, त्यांच्या जुन्या पिढीच्या तोंडी ‘क्लेम’ हा शब्द असायचा. गमावलेल्या मालमत्तेच्या बदल्यात भरपाई. १९५४ च्या कायद्यानं पाकिस्तानात गेलेल्यांनी इथं मागे सोडलेली मालमत्ता सरकारनं ताब्यात घेतली आणि तिच्यातून क्लेम भागवले. म्हणजे आपण मान्य केलं की कुणी परत जाणार नाही. बोस्नियानं उलटं ठरवलं. ज्याचं घर त्याला किल्ली परत.

आता त्यातला गुंता बघा. साराएव्होतल्या सर्बाच्या फ्लॅटमध्ये सर्ब भागातल्या बान्या लुकाहून हाकललेलं बोस्नियाक कुटुंब. त्यांच्या बान्या लुकातल्या घरात क्रोएशियातून पळून आलेलं सर्ब कुटुंब. एकाला उठवायचं तर आधी दुसऱ्याला कुठेतरी जागा हवी. दोन्हीकडचे स्थानिक अधिकारी हेच कारण पुढे करून काही हलवत नव्हते, कारण कुणी परत येऊ नये हीच तर इच्छा होती. १९९९ मध्ये बाहेरच्यांनी नियम लादले: दावा तारखेच्या क्रमानं निकाली काढायचा, मालकाची जमात विचारायची नाही, आणि राहणाऱ्याची पर्यायी सोय झाली नाही म्हणून मालकाला ताटकळत ठेवायचं नाही. टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यांची नोकरी गेली. दोन लाखांच्या घरात दावे होते. २००४ पर्यंत त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त निकाली निघाले. त्याच वर्षी परतलेल्यांचा आकडा दहा लाखांवर गेला.

किल्ली मिळाली म्हणजे माणूस राहिलाच असं नव्हे. पुष्कळांनी घर ताब्यात घेतलं आणि विकलं, किंवा अदलाबदल केली. शाळा दुसऱ्यांची, नोकरी नाही, पोलीसचौकीत युद्धातला ओळखीचा चेहरा. तरी आपलं घर आपण विकलं आणि आपलं घर कुणी बळकावलं, यात फरक आहे की नाही? हा प्रश्न मी सभेत टाकला आणि पंधरा मिनिटं कुणी कुणाचं ऐकेना.

सैन्याचं त्या मानानं लवकर उरकलं. युद्धात एकमेकांवर तोफा डागलेली सैन्यं १ जानेवारी २००६ पासून एका संरक्षण मंत्रालयाखाली आली. निमित्त एका भानगडीचं होतं. सर्ब भागातला विमानदुरुस्तीचा कारखाना इराकला चोरून माल पुरवताना २००२ मध्ये सापडला आणि मग कुणाला नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. पायदळाच्या तीन रेजिमेंटांनी आपापला वारसा आणि चिन्हं जपली, हुकूम मात्र एकाच ठिकाणाहून. महूच्या लष्करी छावणीशेजारी राहणाऱ्यांना यात नवल नाही. मराठा लाइट इन्फन्ट्री आणि शीख रेजिमेंट एकाच फौजेत असतात हे आपण रोज बघतो. त्याच दिवसापासून देशभर १७ टक्के व्हॅट लागू झाला. हा कर गोळा करायला एकच खातं आलं.

हे सगळं होत असताना एक गोष्ट आतून पोखरत होती. डेटननं करारावर देखरेखीसाठी एक परदेशी ‘उच्च प्रतिनिधी’ नेमला होता. डिसेंबर १९९७ मध्ये बॉन इथल्या बैठकीनंतर त्याला कायदे लादायचे आणि निवडून आलेल्यांना घरी पाठवायचे अधिकार मिळाले. ब्रिटनचे पॅडी अॅशडाउन यांनी तर ३० जून २००४ ला एका दिवसात साठेक अधिकारी आणि पुढारी काढले. नंबरप्लेट, झेंडा, घरांचे कायदे, यांतलं बरंचसं याच अधिकारानं झालं. देश दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पीत होता. स्थानिक पुढाऱ्यांना हे सोयीचंच. आपण मतदारांसमोर ताठ राहायचं, नको असलेला निर्णय परदेशी माणूस घेईल, वर त्याला शिव्याही घालता येतील.

ओंजळ काढून घेतल्यावर काय होतं ते २६ एप्रिल २००६ ला दिसलं. पहिल्यांदाच घटनादुरुस्ती लादलेली नव्हती, पक्षांनी आपसांत बोलून ठरवलेली होती. तिघांच्या जागी एक अध्यक्ष आणि दोन उपाध्यक्ष, वरच्या सभागृहाचे अधिकार कमी, सरकार जरा बळकट. खालच्या सभागृहात ४२ सदस्य, दोन तृतीयांश म्हणजे २८ मतं हवीत. पडली २६.

दोन मतं! बँकवाल्या काकांनी कपाळावर हात मारला. विरोधात क्रोएट पक्षातून फुटलेले काही होते आणि हारिस सिलायजिच यांचा बोस्नियाक पक्ष होता. सिलायजिच यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. दोन भागांपैकी कुठल्याही एका भागाला देशाचा कायदा अडवता येतो, ते कलम तसंच ठेवून बाकी रंगरंगोटी कशाला, असं ते विचारत होते. मला आजही वाटतं की त्यांनी अर्धी भाकरी घ्यायला हवी होती. ऑक्टोबरात निवडणूक झाली. एकीकडे सिलायजिच ‘दोन भाग नकोतच’ म्हणाले, दुसरीकडे सर्ब पुढारी मिलोराद दोदिक ‘मग आम्ही सार्वमत घेऊ’ म्हणाले, आणि दोघांनाही भरभरून मतं मिळाली. एकाचं भाषण दुसऱ्याचा प्रचार करत होतं. तेव्हापासून मोठी घटनादुरुस्ती झालेली नाही.

मोस्तार शहराची गत तर फारच वाईट. १९९३ मध्ये पाडलेला तिथला जुना पूल २००४ मध्ये दगडावर दगड रचून पुन्हा उभा केला, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्याच शहरात २००८ नंतर थेट डिसेंबर २०२० मध्ये नगरपालिकेची निवडणूक झाली. घटनात्मक न्यायालयानं २०१० मध्ये प्रभागांची जुनी रचना रद्द केली, आणि नवी कशी असावी यावर बोस्नियाक आणि क्रोएट पक्षांचं जमेना. २०१२ पासून आठ वर्षं शहराला निवडून दिलेली परिषद नव्हती. शेवटी इर्मा बारालिया नावाच्या शिक्षिकेनं स्ट्रासबर्गला जाऊन २०१९ मध्ये निकाल आणला, तेव्हा कुठे मतपेट्या आल्या.

याउलट ब्रच्को. डेटनमध्ये या गावावर एकमत होईना, म्हणून ते लवादावर सोडलं होतं. लवादानं ते कुणालाच न देता २००० मध्ये दोघांचा सामाईक जिल्हा केला. स्वतःची परिषद, मिश्र पोलीस, आणि मुलं एकाच वर्गात. देशात इतरत्र ‘एका छपराखाली दोन शाळा’ चालतात, तसं नाही. म्हणजे ज्या गावाचं डेटनला काहीच ठरवता आलं नाही, त्याचंच सगळ्यांत बरं चाललं. हातात दांडा घेतलेला अमेरिकन पर्यवेक्षक तिथं होता, हे मात्र विसरून चालणार नाही.

आणि स्थैर्य? गोळी परत सुटली नाही. २०२२ मध्ये युरोपीय संघानं उमेदवार देशाचा दर्जा दिला. उच्च प्रतिनिधीचे निर्णय धुडकावल्याबद्दल दोदिक यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये एक वर्षाची कैद आणि सहा वर्षांची पदबंदी झाली. ऑगस्टमध्ये अपिलातही ती टिकली आणि रिपब्लिका सर्प्स्काचं अध्यक्षपद गेलं. धमक्या खूप झाल्या, बंदुका निघाल्या नाहीत. दुसरीकडे १९९१ मध्ये ४४ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०१३ च्या जनगणनेत ३५ लाखांवर आली होती. तरुण मुलं जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा रस्ता धरतात. भांडण आहे तिथंच आहे आणि भांडणारे निघून चाललेत, याला स्थैर्य म्हणायचं का, यावर आमच्यात दोन तट पडले. मी म्हणतो, म्हणायचं. ज्यानं १९९२ पाहिलंय त्याला विचारा.

एवढं होईपर्यंत खिडकीपाशी उभी असलेली मुलगी कंटाळली होती. “सर, मी चिठ्ठीवर क्रोएट असं लिहून दिलं तर?”

“चालेल. तिथंही उमेदवार स्वतःच जाहीर करतो, कुणी रक्त तपासत नाही.”

तिनं पेन काढलं, ‘इतर’ खोडलं, ‘क्रोएट’ लिहिलं, आणि सरळ एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. ज्यांची ती खुर्ची होती ते बँकवाले काका चहा आणायला उठले होते. परत येऊन बघतात तो जागा गेलेली.

“ए पोरी, ही क्रोएटांची जागा आहे.”

“मी क्रोएटच आहे, काका. आणि या सगळ्यांनी मला मत दिलंय.” तिनं पाचही ‘बोस्नियाकां’कडे हात केला. त्यांनी उत्साहानं माना डोलावल्या.

“त्यांच्या मतांनी आमचा माणूस कसा ठरेल?”

मी टिपणवही मिटली. हेच वाक्य तिथले क्रोएट पक्ष २००६ पासून झेल्को कोमशिच यांच्याबद्दल बोलतायत. कोमशिच स्वतः क्रोएट, अध्यक्षमंडळावर चार वेळा निवडून आले, पण बोस्नियाकांच्या मतांवर, अशी तक्रार. मुलगी उठायला तयार नव्हती, काका बसायला. गॅलरीतले तिघे ‘सर्ब’ आत येऊन मजा बघत उभे राहिले, म्हणजे कोरम आता पुरा होता आणि खुर्चीचा निकाल लागत नव्हता. तेवढ्यात भजनी मंडळाच्या बायका दारात आल्या. हॉल त्यांना साडेसातला द्यायचा असतो. आजोबांनी, जे अजूनही ‘इतर’च होते, खुर्च्या एकावर एक रचायला घेतल्या. रुग्णवाहिकेचं विधेयक प्रलंबित आहे.